एक ठाणे, चार आमदार

मंडळी, ठाण्यात कुणी विचारलं, “तुमचा आमदार कोण?”, तर आधी विचारावं लागतं, राहता कुठे? नौपाड्यात राहणाऱ्याचं उत्तर वेगळं, किसननगरवाल्याचं वेगळं. घोडबंदर रोड आणि कळवा, यांची तर बातच न्यारी.

२००९ पर्यंत असं नव्हतं. १९७६ मध्ये आणीबाणीत घटनादुरुस्ती झाली आणि मतदारसंघांची फेररचना गोठवली गेली. हद्दी राहिल्या १९७१च्या जनगणनेच्या हिशोबाने. इकडे ठाणं काही थांबलं नाही. १९८२ साली महापालिका झाली, कळवा-मुंब्रा शहरात आलं, आणि २००१ साली लोकसंख्या साडेबारा लाखांच्या घरात गेली. एवढ्या पसाऱ्यातल्या आमदाराला कोण भेटणार आणि कधी भेटणार? टेंभी नाक्यावर शिवसेनेचे जिल्हाप्रमुख आनंद दिघे यांच्याकडे गर्दी व्हायची, त्यामागे हेही एक कारण असावं, असं माझं मत आहे. दिघे स्वतः कधी निवडणुकीला उभे राहिले नाहीत. तरी लोक गाऱ्हाणी घेऊन जायचे त्यांच्याकडेच.

मग न्यायमूर्ती कुलदीप सिंग आयोगाची फेररचना आली. तेव्हाच्या अखंड ठाणे जिल्ह्यातल्या जागा तेराच्या चोवीस झाल्या. शहराच्या वाट्याला आले ठाणे, कोपरी-पाचपाखाडी, ओवळा-माजिवडा आणि मुंब्रा-कळवा. कोपरी रुळांच्या पूर्वेला, पाचपाखाडी पश्चिमेला. दोघांची मोट एकत्र बांधली. वागळे इस्टेटही तिथेच.

पुढची गंमत बघा. कोपरी-पाचपाखाडीत २००९ पासून एकनाथ शिंदे, ओवळा-माजिवड्यात प्रताप सरनाईक, मुंब्रा-कळव्यात जितेंद्र आव्हाड. चार निवडणुका झाल्या, पक्ष फुटले, शिवसेनेचं चिन्ह गोठलं, माणसं तीच! शिंदे आधीचे २००४चे जुन्या ठाण्याचे आमदार. म्हणजे त्यांनी हद्दीबरोबर घर बदललं म्हणा.

बदललं ते फक्त जुनं नाव टिकवणारं ठाणे. २००९ मध्ये शिवसेनेचे राजन विचारे आले, पण मनसेच्या राजन राजे यांनी त्यांना चांगलाच घाम फोडला होता. २०१४ला युती तुटली आणि भाजपचे संजय केळकर निवडून आले. १९६७ साली जिथे शिवसेनेला पहिल्यांदा नगरपालिकेची सत्ता मिळाली, त्याच शहराचा जुना गाभा असा हातचा गेला. २०१९, २०२४लाही केळकरच. शेवटच्या खेपेला समोर विचारेच होते, आता ठाकरे गटाकडून.

आणि हद्दींचं म्हणाल, तर त्या पुन्हा जुन्या झाल्यात. आखल्या २००१च्या जनगणनेवर. त्यानंतर घोडबंदर रोडला टॉवरमागून टॉवर उभे राहिले. २०२४च्या यादीत ओवळा-माजिवड्यातले मतदार पाच लाखांच्या पुढे गेले होते, कोपरी-पाचपाखाडीत त्याहून कितीतरी कमी. आमदार मात्र दोन्हीकडे एकेकच.