जिथं काळं, तिथं पटाशी

मंडळी, आधीच सांगून टाकतो, आमच्या आप्पांनी आयुष्यात कधी बंदूक हातात धरली नाही. पिंपरीच्या एका कारखान्यात फिटर होते. मग त्यांच्या आठवणीसाठी मी हातानं चकमकीची बंदूकच का घडवतोय, असं घरातही बरेच दिवस विचारलं जात होतं.

मी राहतो लँकेस्टरजवळ. अठराव्या शतकात पेनसिल्व्हेनियाच्या या भागात जर्मन आणि स्विस कारागीर येऊन वसले. त्यांच्या मुलखातली शिकारी रायफल आखूड, जाड नळीची. इथं ती लांबत 42-44 इंचांच्या नळीपर्यंत गेली, गोळी लहान झाली, दस्ता लहरी रेषांच्या मेपलचा. पुढे ती गाजली ‘केंटकी रायफल’ म्हणून. घडण इथली, नाव भलतीकडचं! इथं 1974 पासून चकमकीच्या बंदुकांसाठी हरणांच्या शिकारीचा वेगळा हंगाम असतो, त्यामुळे ही विद्या नुसती संग्रहालयात जाऊन बसली नाही.

या बंदुकीच्या घोड्याच्या जबड्यात चामड्यात धरलेली गारगोटी असते. चाप ओढला की ती समोरच्या पोलादावर घासत खाली येते. ठिणगी दगडाची नसते बरं का. दगड पोलादाचा कीस काढतो आणि तो कीस जळतो. खालच्या वाटीत रंजक, म्हणजे बारीक दारू असते, ती पेटते आणि नळीच्या कानातून जाळ आत जातो. तोफांच्या कानांत खिळे ठोकले असं आपण इतिहासात वाचतो ना, तोच कान.

नळी आणि लॉक, म्हणजे ही ठिणगी पाडणारी यंत्रणा, मी विकत आणले. बहुतेक हौशी लोक तेच करतात. खरं काम पुढे आहे, लोखंड लाकडात बसवायचं. नळीला दिव्याची काजळी फासायची, खाचेत दाबायची, उचलायची. लाकडावर काळे ठिपके उठतात. जिथं काळं, तिथंच पटाशी, तीही कागदाएवढी. पुन्हा काजळी. माझा पहिला महिना नळीतच गेला.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी हात थांबला. हे मी पाहिलेलं होतं. शाळेत असताना एकदा आप्पांचा डबा पोचवायला गेलो होतो. ते सरफेस प्लेटला, म्हणजे अगदी सपाट लोखंडी पाट्याला, निळा रंग लावून त्यावर यंत्राचा एक बेड घासत होते, निळं उठेल तेवढंच स्क्रेपरनं खरवडत होते. मी विचारलं, “कधी संपणार?” म्हणाले, “सगळीकडे निळं लागलं की.” बंदूक का, त्याचं उत्तर मला तिथं मिळालं.

त्यांचा संयम मात्र माझ्यात नाही. लॉकच्या मागे एका संध्याकाळी घाईत जास्त लाकूड गेलं. तिथं मेपलची कपची चिकटवली आहे. दस्त्याला लोखंड विरघळवलेलं नायट्रिक ॲसिड लावून तापवलं, तेव्हा हिरवट पडलेलं लाकूड बघता बघता तांबूस झालं, रेषा वाघासारख्या उठल्या. कपचीही उठली, वेगळ्याच रंगात.

पहिल्या बाराला वाटीतली दारू भुस्सकन उडाली आणि पुढे काहीच नाही. कान चोंदला होता. तारेनं मोकळा केला, दुसरा बार झाला.

लॉकच्या आतल्या बाजूला आप्पांचा बिल्ला नंबर कोरला आहे. लॉक काढल्याशिवाय तो दिसत नाही. बंदूक मागच्या टेबलावर रिकामी ठेवली आहे, अवश्य हातात घ्या. पितळेवर घामाचे डाग पडतात, शेजारी फडकं आहे. आणि कपची शोधा, सापडेल.