उशाशी बसणाऱ्याचा न्याय

अध्यक्षमहाशय आणि मित्रहो,

कार्यक्रमपत्रिकेवर माझ्या व्याख्यानाचे नाव 'प्रेमळ देव आणि कठोर धर्म' असे छापले गेले आहे. मी कळवलेले नाव 'प्रेमळ देव आणि कठोर भक्त' असे होते. हा बदल मुद्रणदोषाने झाला की कोणा भक्ताच्या सावधगिरीने, याची चौकशी मी केलेली नाही. परंतु माझे आजचे बहुतेक म्हणणे त्या एका शब्दात साठलेले असल्यामुळे आरंभीच ही दुरुस्ती नोंदवून ठेवतो. देव प्रेमळ असेल तर त्याच्या नावाने माणसे एकमेकांना इतकी धारेवर का धरतात, या प्रश्नाला धर्मचिंतकांनी दिलेली तीन प्रमुख उत्तरे तपासण्याचे मी कबूल केले आहे आणि ती मी तपासणारच आहे. मात्र त्याआधी माझ्या आत्याविषयी थोडे सांगणे भाग आहे. (माझी व्याख्याने पूर्वी ऐकलेले दोघे-तिघे पुढच्या रांगेत हसत आहेत, त्यांनी कृपया इतरांना सावध करू नये.)

माझी आत्या निस्सीम देवभक्त होती आणि तिच्याजवळ निळ्या पुठ्ठ्याची एक वही होती. प्रार्थनेला कोण उशिरा आले, कोणी मध्येच जांभई दिली, कोण खोटे बोलले, कोणी उसने नेलेले परत केले नाही, याची ती तारीखवार नोंद ठेवी. एखाद्या मुरलेल्या मुनिमाने आधी कीर्द लिहावी आणि मग खतावणीत ज्याच्या त्याच्या नावे रक्कम टाकावी, तशी तिच्या वहीची रचना होती: पुढच्या बाजूने दिवसाचा क्रम आणि मागच्या बाजूने माणसांची खाती. शेजारच्या एका गृहस्थांचे खाते सलग तीन पानांचे होते. ते दारू पीत, उसनवारी करीत आणि, आत्याच्या दृष्टीने सर्वांत वाईट म्हणजे, देवाची थट्टा करीत. मी नऊ-दहा वर्षांचा असताना तिला विचारले होते की, देवाला हे सगळे आधीच ठाऊक नसते का? त्यावर तिने दिलेले उत्तर मी पुढे कोणत्याही धर्मशास्त्रज्ञाकडून ऐकले नाही. ती म्हणाली, "ठाऊक असते रे, पण तो विसरतो. कोणीतरी लिहून ठेवायला नको का?"

पुढे त्या शेजाऱ्यांना विषमज्वर झाला. त्यांच्या घरात करणारे कोणी नव्हते आणि जी मंडळी त्यांना एरवी चार शब्द सुनवीत, ती लांबूनच चौकशी करून जात. आत्या अकरा रात्री त्यांच्या उशाशी बसली. कपाळावरच्या पाण्याच्या पट्ट्या बदलणे, औषधाचा चमचा तोंडाशी धरणे, घामाने भिजलेली चादर काढून दुसरी घालणे, हे सगळे तिने केले. आणि त्या दिवसांतही वही बंद नव्हती. एकदा ती दार उघडायला गेली असताना मी ते पान चोरून वाचले. त्यावर लिहिले होते: 'दुपारी औषध घेतले म्हणाले. खोटे. बाटलीवरच्या खुणेवरून कळले. रात्री दोनदा उठवून पाजले.'

आत्या गेल्यावर माझ्या काकांनी ती वही न उघडता जाळून टाकली. त्यांचा हेतू चांगला असेल, परंतु माझी त्यांच्यावरची ही तक्रार आजही मिटलेली नाही, कारण त्या वहीत माझेही खाते होते आणि त्यात शेवटी काय शिल्लक निघाली हे मला आता चित्रगुप्ताकडे गेल्याशिवाय कळायचे नाही.

मित्रहो, 'तो विसरतो' हे आत्याचे वाक्य मी हसण्यासाठी सांगितलेले नाही. बायबलमधल्या यिर्मया या संदेष्ट्याच्या ग्रंथात एकतिसाव्या अध्यायात देव स्वतःच म्हणतो की, मी त्यांचे पाप पुन्हा आठवणार नाही. म्हणजे आत्याचे निदान शास्त्राला धरूनच होते. तिने त्यावर शोधलेला उपाय तेवढा तिचा स्वतःचा होता. माझी आवडती समजूत, जी ऐकवण्यासाठी मी संयोजकांचे निमंत्रण इतक्या तत्परतेने स्वीकारले, ती अशी: कठोर भक्त कठोर होतो तो देव कठोर आहे असे त्याला वाटते म्हणून नव्हे, तर देव फारच मवाळ आहे अशी शंका त्याच्या मनात असते म्हणून. देवाच्या हातून कोणी सुटून जाईल या भीतीने तो स्वतः पहाऱ्याला उभा राहतो.

याला माझा पहिला साक्षीदार बायबलमधलाच दुसरा संदेष्टा, योना. माशाच्या पोटात तीन दिवस राहिलेला म्हणून तो सर्वांना ठाऊक आहे, आणि तेवढ्यामुळे त्याची खरी गोष्ट झाकली गेली आहे. निनवे नगरीला जाऊन तिच्या दुष्टपणाविरुद्ध घोषणा कर, अशी आज्ञा होताच तो उलट्या दिशेचे जहाज पकडून पळतो. तो भित्रा होता म्हणून पळाला, असे आपण धरून चालतो. परंतु चार अध्यायांच्या त्या छोट्या ग्रंथाच्या शेवटच्या अध्यायात तो स्वतःच कारण सांगतो: तू कृपाळू, दयाळू आणि मंदक्रोध आहेस हे मला माहीत होते, म्हणूनच मी पळालो! देवाची स्तुती करताना म्हणायचे शब्द, जे मोशे (मोझेस) या थोर संदेष्ट्याच्या तोंडून आदराने आलेले आहेत, तेच शब्द योना आरोपपत्रासारखे वाचतो. नगरी पश्चात्ताप करते, चाळीस दिवसांच्या मुदतीचा नाश टळतो, आणि आयुष्यात एकदाच ज्याच्या उपदेशाने अख्खे शहर सुधारले तो हा उपदेशक शहराबाहेर मांडव घालून, आता यांचे काय होते ते पाहू, म्हणून रुसून बसतो. ज्याला उजवे-डावे कळत नाही अशी 1,20,000 हून अधिक माणसे आणि पुष्कळ गुरेढोरे ज्या नगरीत आहेत तिची मला कणव येऊ नये काय, असे देव विचारतो आणि ग्रंथ तिथेच संपतो. योनाचे उत्तर लिहिलेलेच नाही. यहुदी परंपरेने हा ग्रंथ वर्षातल्या सर्वांत गंभीर दिवशी, प्रायश्चित्ताच्या दिवशी दुपारी वाचण्यासाठी नेमला आहे, यावरून ते उत्तर कोणाकडून अपेक्षित आहे हे उघड होते.

दुसरे साक्षीदार आपल्या अधिक ओळखीचे आहेत. भागवताच्या सहाव्या स्कंधातला अजामिळ चोरी, जुगार आणि फसवणूक यांवर जगलेला. अठ्ठ्याऐंशी वर्षांचा होऊन मरायला टेकल्यावर भीतीने धाकट्या मुलाला हाक मारतो. मुलाचे नाव नारायण असल्यामुळे विष्णुदूत धावून येतात आणि यमदूतांना अडवतात. कीर्तनकार येथे नाममाहात्म्य सांगून पुढे जातात. मला मात्र नेहमी त्या यमदूतांची कीव येते. त्यांची कागदपत्रे चोख होती. ते हात हलवीत परत जातात आणि आपल्या धन्याला विचारतात की, या जगात शासन करणारे आहेत तरी किती? खालच्या कचेरीने शिस्तीत तयार केलेली फाईल वरून एका शेऱ्याने बंद झाली, की कारकुनाच्या मनाला जे होते, तेच या प्रश्नात आहे. बायबलच्या लूककृत शुभवर्तमानातला उधळ्या पुत्राचा थोरला भाऊही याच कचेरीतला: सारे उधळून परत आलेल्या धाकट्यासाठी बापाने मेजवानी घातली, म्हणून तो रागावून बाहेरच थांबतो. त्याचा बाप त्याला समजवायला घराबाहेर येतो, आणि तो आत गेला की नाही, हे तिथेही सांगितलेले नाही.

आता कोणी म्हणेल की, या कथा झाल्या. प्रत्यक्ष माणूस दाखवा. 8 जुलै 1741 रोजी कनेक्टिकटमधील एन्फिल्ड येथे जोनाथन एडवर्ड्स या धर्मोपदेशकाने क्रुद्ध देवाच्या हाती सापडलेल्या पाप्यांवर प्रवचन दिले. आगीवर लटकत धरलेल्या कोळ्याची उपमा त्यातलीच. श्रोत्यांचा आक्रोश एवढा वाढला की प्रवचन मध्येच थांबवावे लागले. (असा श्रोतृवर्ग मला अद्याप लाभलेला नाही, माझी व्याख्याने वेगळ्या कारणाने थांबवली जातात.) पण त्याच एडवर्ड्सने तीन वर्षे आधी, 1738 मध्ये, केवळ प्रेम या विषयावर प्रवचनमाला गुंफली होती आणि स्वर्ग म्हणजे प्रेमाचे जग, या विचारावर तिची सांगता केली होती. ढोंगी माणूस समजायला सोपा असतो. हा ढोंगी नव्हता. पुढे 1750 मध्ये प्रभुभोजनाला, म्हणजे ख्रिस्ताच्या स्मरणार्थ भाकर आणि द्राक्षरस घेण्याच्या विधीला, बसण्यास कोण पात्र आणि कोण अपात्र, या वादातून त्याच्याच चर्चच्या मंडळीने त्याला पदावरून दूर केले. पात्रतेची कसोटी कडक करू पाहणारा तोच होता, आणि शेवटी मोजला गेला तोही तोच.

अध्यक्षांनी चिठ्ठी पाठवली आहे. तीवर 'सात मिनिटे' असे लिहून सातचे पाच केलेले आहेत. तेव्हा कबूल केलेली तीन उत्तरे आता धावतच घ्यावी लागतील.

पहिले उत्तर असे की, शिक्षा हे प्रेमाचेच रूप आहे. शस्त्रवैद्य चिरतो तो बरे करण्यासाठी. हे मला पटते, परंतु ते अर्ध्यावर थांबते. जी शस्त्रक्रिया कधीच संपत नाही तिला उपचार म्हणता येत नाही, आणि अनंत काळच्या नरकाची कल्पना याच ठिकाणी अडते. ही अडचण परक्यांची आहे असे समजून कोणी निश्चिंत होऊ नये. तेराव्या शतकातील मध्वाचार्यांनी काही जीव स्वभावतःच कायमच्या अंधःकारास योग्य असतात असे मानले. आणि गीतेच्या नवव्या अध्यायात 'न मे द्वेष्योऽस्ति न प्रियः', म्हणजे मला कोणी नावडता नाही की आवडता नाही, असे म्हणणारे भगवंत सोळाव्या अध्यायात द्वेष करणाऱ्या क्रूरांना मी आसुरी योनींतच टाकतो, असेही म्हणतात. गीता मानणाऱ्याला ही दोन वाक्ये एकाच मुखातून आली आहेत, हे नाकारता येत नाही.

दुसरे उत्तर स्वातंत्र्याचे. प्रेमात सक्ती नसते, म्हणून जो दूर जाऊ इच्छितो त्याला देव जाऊ देतो आणि त्या दुराव्यालाच नरक म्हणायचे. हे उत्तर सभ्य आहे, फार सभ्य आहे. पण ज्याला उजवे-डावे कळत नाही त्याने केलेली निवड शेवटची धरायची का? निनवेविषयीचा प्रश्न येथे पुन्हा उभा राहतो.

तिसरे उत्तर ऑरिगेन या प्राचीन ख्रिस्ती विचारवंताच्या नावाशी जोडलेले आहे: शेवटी सर्वच परत येतील. अखेरीस सर्वांना सामावून घेणाऱ्या या विचारवंताला त्याच्या मृत्यूनंतर सुमारे 300 वर्षांनी, 553 मध्ये कॉन्स्टँटिनोपलच्या धर्मपरिषदेत पाखंडी ठरवण्यात आले, ही गोष्ट आत्याला आवडली असती. माझे मन या उत्तराकडे ओढ घेते, परंतु त्यात एक माणूस राहून जातो, आणि तो म्हणजे ज्याच्यावर अन्याय झाला तो. छळ करणारा आणि छळला गेलेला एकाच पंगतीला बसणार असतील, तर मध्ये कोणीतरी त्या छळाला छळ म्हणायला हवे. क्रौर्य पाहून ज्याला राग येत नाही त्या देवाला प्रेमळ म्हणण्यापेक्षा बेफिकीर म्हणणे अधिक योग्य होईल. म्हणून देवाने निवाडा करूच नये, असे मला म्हणता येत नाही, आणि जे सुधारक हे घाईने म्हणतात त्यांच्यावर बहुधा कोणी फारसा अन्याय केलेला नसतो.

कुराणात परमेश्वराने दया स्वतःवर बंधनकारक करून घेतली आहे असे सांगितले आहे. न्याय तेथे रद्द झालेला नाही, पण दयेची लेखी हमी आहे. ज्ञानेश्वरांनी 1290 मध्ये मागितलेले पसायदानही मला याच बाजूचे वाटते. 'जे खळांची व्यंकटी सांडो' असे म्हणताना ते खळांना खळच म्हणतात, तिथे भीडभाड नाही; गळून पडावी अशी इच्छा मात्र त्यांच्या वाकडेपणाची आहे, त्यांची नाही. निवाडा आहे आणि बहिष्कार नाही. आत्याच्या त्या पानावरही 'खोटे' हा शब्द होता आणि पुढच्याच वाक्यात औषध होते. बाटलीवरची खूण तपासण्याचा हक्क तिला होता, कारण रात्री दोनदा उठणारी तीच होती. लांबून चौकशी करून गेलेल्यांना तो हक्क कोठून मिळतो, एवढाच माझा प्रश्न आहे, आणि तो देवाला विचारायचा नसून भक्तांना विचारायचा आहे.

व्याख्यानापूर्वी माझ्या हाती आणखी एक चिठ्ठी आली होती, तिला उत्तर देऊन थांबतो. लिहिणाऱ्याच्या घरातील एका तरुणाने आत्महत्या केली आणि सांत्वनाला आलेल्या एका धर्मनिष्ठ गृहस्थांनी, अशांना देवाकडे क्षमा नसते, असे त्याच्या आईसमोर सांगितले. हे खरे आहे काय, असे विचारले आहे. उत्तरादाखल एकच वस्तुस्थिती सांगतो. कॅथलिक चर्चच्या 1917 च्या धर्मसंहितेने जाणूनबुजून आत्महत्या करणाऱ्याला, त्याने पश्चात्तापाची काही खूण दाखवली नसेल तर, धार्मिक अंत्यविधी नाकारला होता. 1983 च्या संहितेतून ती बंदी काढून टाकण्यात आली, आणि 1992 च्या धर्मशिक्षणग्रंथात अशा व्यक्तींच्या तारणाविषयी निराश होऊ नये, चर्च त्यांच्यासाठी प्रार्थना करते, असे स्पष्ट लिहिले गेले. या बाबतीत इतकी जुनी आणि इतकी कडक मानली गेलेली संस्था आपले दार उघडू शकली, तर त्या गृहस्थांनी इतक्या ठामपणे बोलण्याचे कारण नव्हते. चिठ्ठीत एवढे मात्र लिहिलेले नाही की, हे सांगून गेल्यावर ते गृहस्थ त्या आईकडे पुन्हा कधी आले होते का.