लाल पाण्यातले शिकारी

(दृश्य: कोल्हापुरातल्या एका कॉलेजची प्रयोगशाळा. टेबलावर पाण्याची बाटली.)

हे समुद्राचं पाणी पहाटे रत्नागिरीहून निघालं आणि आंबा घाट चढून कोल्हापुरात आलं. बाटलीत वर तरंगणारा गुलाबी थर बघा. त्यातला एक थेंब काचपट्टीवर घेऊ.

(दृश्य: सूक्ष्मदर्शकातून.)

गिरक्या घेत पळताहेत त्या डायनोफ्लॅजेलेट पेशी, म्हणजे पाण्यातले एकपेशी सूक्ष्मजीव. प्रत्येकीला दोन शेपट्या. एक कमरेच्या खाचेत फिरते, दुसरी मागं लोंबते. लिटरभर पाण्यात या लाखोंनी झाल्या की पाणी तांबडं दिसायला लागतं. त्यालाच रेड टाइड म्हणतात.

आणि हा आला नॉक्टिल्युका. भिजलेल्या साबुदाण्यासारखा गोल, आरपार दिसणारा. एवढा मोठा, तरी एकच पेशी! काही तर नुसत्या डोळ्यांनाही दिसतात. कोकण किनाऱ्यावर रात्री लाटा निळ्या चमकतात, तो उजेड बहुतेकदा याचाच.

याला धड पोहता येत नाही. अंगातल्या द्रवात अमोनियम भरलेलं असतं, त्यामुळे तो पाण्यापेक्षा हलका होऊन तरंगतो. मग शिकार करतो कशी? ही आडव्या पट्ट्यांची सोंड बघा. चिकट आहे. एक डायनोफ्लॅजेलेट येऊन आदळली... अडकली. सोंड सावकाश वळतेय, तोंडाच्या फटीशी आली... गेली आत! आतल्या पोकळीत ती अजून वळवळतेय. शेजारच्या पोकळ्यांत आधी गिळलेल्या आहेत, त्यांच्या विटकरी रंगावरून ओळखू येतात.

दुसरा शिकारी फावेला, हाही एकपेशी जीव. तळाशी निमुळत्या होत गेलेल्या कवचात राहतो. तोंडाभोवतीचं केसांचं कडं हलवून पाणी खेचतो आणि पाण्याबरोबर डायनोफ्लॅजेलेटही.

नॉक्टिल्युका बेसुमार वाढला, तर तोच पाणी लाल करतो, माशांची अंडीही खातो. तो मरून सडला की पाण्यातला प्राणवायू घटतो, अमोनिया वाढतो, मासे मरतात. काही डायनोफ्लॅजेलेट विषारी असतात. ते विष शिंपल्यांत साठतं, शिजवूनही जात नाही. 1981 मध्ये तामिळनाडूत अशा शिंपल्या खाऊन माणसं दगावली होती.

(दृश्य: पंचगंगा घाट, मग उसाचे फड.)

हे कोल्हापुरात बसून का बघायचं? आपल्या फडांतलं खत पावसाबरोबर पंचगंगेत उतरतं. पंचगंगा कृष्णेत, कृष्णा बंगालच्या उपसागरात. किनाऱ्यांजवळच्या डायनोफ्लॅजेलेटसारख्या सूक्ष्म शैवालाला असंच खत पोसतं. म्हणून समुद्राचं पाणी तपासताना नुसत्या लाल पेशी मोजून भागणार नाही. त्यांना खाणारे किती आहेत, हेही त्याच थेंबात मोजायला हवं.