दोन हजार चात्या का अडखळल्या?

नमस्कार मंडळी.

जपानच्या आधुनिकीकरणाची गोष्ट आपण बहुधा १८५३ साली आलेल्या अमेरिकी कमोडोर पेरीच्या चार जहाजांपासून सुरू करतो आणि १८६८ च्या मेइजी सत्तांतरावरून थेट आगगाडीपर्यंत पोहोचतो. मधली धडपड राहूनच जाते. म्हणून आज फक्त सूतगिरण्यांबद्दल बोलतो.

दोनशेहून अधिक वर्षं मिटलेली बंदरं उघडली ती पाश्चात्य देशांशी झालेल्या विषम करारांनी. १८६६ पासून आयात जकात साधारण ५ टक्क्यांवर बांधलेली होती आणि ती वाढवण्याचा हक्क जपानला नव्हता. इंग्लंडचं आणि पुढे मुंबईच्या गिरण्यांचंही सूत आत येऊ लागलं. जकातीची भिंत घालता येत नसल्यामुळे, त्याच भावात सूत कातणं एवढाच मार्ग उरला.

सरकारने इंग्लंडहून २,००० चात्यांचे (चाती म्हणजे सूत पिळून गुंडाळणारी फिरती कांडी) संच मागवले आणि खासगी लोकांना १० वर्षांच्या बिनव्याजी हप्त्यांवर दिले. हेतू चांगला होता, पण बहुतेक गिरण्या रखडल्या. त्या चालायच्या पाणचक्कीवर. नदीचं पाणी आटलं की यंत्रं थांबत. शिवाय नदीसाठी जागा निवडल्यामुळे बंदर आणि बाजारपेठ लांब पडत. तंत्रज्ञ, दुरुस्ती, देखरेख यांचा खर्च चात्या कमी म्हणून फारसा कमी होत नाही. त्यामुळे सुताचा दर चढाच राहिला.

हे ओळखलं उद्योजक एइची शिबुसावा यांनी. लंडनमध्ये शिकत असलेल्या ताकेओ यामानोबे यांना त्यांनी सूतकताई शिकायला लावलं, आणि यामानोबे इंग्लंडमधल्या लँकेशरच्या गिरणीत जाऊन प्रत्यक्ष काम शिकले. माझ्या मते सगळ्यात शहाणपणाचा खर्च हाच होता. १८८३ साली शिबुसावांच्या ओसाका स्पिनिंग कंपनीची गिरणी सुरू झाली: १०,५०० चात्या, वाफेचं इंजिन, आणि कोळसा व कापूस जहाजाने येईल अशी जागा. महागडी यंत्रं रिकामी राहू नयेत म्हणून दिवसरात्र दोन पाळ्या लावल्या. आधी रॉकेलचे दिवे होते, १८८६ मध्ये विजेचे आले.

पुढचा बदल कताईच्या यंत्राचा: म्यूलऐवजी रिंग. म्यूल यंत्र धागा ओढून पीळ देतं, मग थांबून तो गुंडाळतं. त्याला कसबी माणूस लागतो. रिंग यंत्रात पीळ आणि गुंडाळणं एकाच वेळी, अखंड चालतं. उत्पादन वाढतं, पण धाग्यावर ताण येतो आणि आखूड धाग्याचा कापूस तुटतो. यावर जपानी गिरण्यांनी दोन उपाय केले: स्वस्त हिंदुस्थानी कापसात लांब धाग्याचा अमेरिकी कापूस मिसळायचा, आणि तुटलेले धागे जोडायला जास्त मुली ठेवायच्या. मिश्रणाचं प्रमाण कापसाच्या भावाप्रमाणे बदलायचं, हे तर खास त्यांचं कौशल्य.

तो कापूस मुंबईहून जाई, त्यात वऱ्हाडचाही असे. पण जहाजभाडं पी अँड ओ ही ब्रिटिश जहाज कंपनी आणि तिच्या साथीदार कंपन्यांच्या हाती होतं. १८९३ मध्ये जमशेटजी टाटा आणि निप्पॉन युसेन कैशा ही जपानी जहाज कंपनी यांनी मुंबई–कोबे मार्ग सुरू केला. जुन्या कंपन्यांनी भाडं टनाला १७ रुपयांवरून दीड रुपयावर आणलं. तरीही मार्ग टिकला, कारण जपानी गिरण्यांच्या संघटनेने एकजुटीने आपला माल याच जहाजांना देण्याचं कबूल केलं होतं.

१८९० मध्ये देशातलं सूत आयातीपेक्षा जास्त झालं, १८९७ मध्ये निर्यात आयातीच्या पुढे गेली. मुंबईच्या सुताची जपानमधली बाजारपेठ गेली. १८९६ मध्ये कच्च्या कापसावरची आयात जकात उठली आणि जपानचा स्वतःचा कापूस उत्पादक शेतकरीही बुडाला.

गिरणीतल्या मुलींनी मोजलेली किंमत याहून मोठी. बारा-बारा तासांची पाळी, कोंदट हवेतला कापसाचा धुरळा, वसतिगृहांतून पसरणारा क्षय. १८९२ च्या ओसाका स्पिनिंगच्या आगीत ९५ कामगार गेले. कारखाना कायदा १९११ साली झाला, अंमलात आला १९१६ मध्ये. बायकांची रात्रपाळी बंद व्हायला मात्र १९२९ साल उजाडलं.