ऑक्सफर्ड शब्दांना 'मान्यता' देत नाही! इंग्रजीत नवा शब्द रुजतो कसा?

नमस्कार मंडळी!

वर्ष संपत आलं की डिक्शनरी काढणारे ऑक्सफर्डवाले, कॉलिन्सवाले आपापला 'वर्षाचा शब्द' जाहीर करतात आणि इथे कमेंट्स सुरू होतात. "ताई, ऑक्सफर्डने रिझ (म्हणजे समोरच्याला भुरळ घालायची कला) शब्दाला मान्यता दिली, मग आता परीक्षेत लिहिला तर चालेल ना?" उलट बाजूने कुणीतरी येतंच: "हा शब्द डिक्शनरीत नाही, म्हणजे तो शब्दच नाही." हे दोन्ही वाचून मला खरंच वाईट वाटतं, कारण दोघांनीही डिक्शनरीला परवाना देणारं ऑफिस समजलंय. म्हणून आज हा विषय नीट बोलूनच टाकू.

शब्द बनतात कसे, हे भरभर सांगते. दोन शब्द जोडले: स्मार्टफोन. दोन कापून चिकटवले: व्हिडिओ आणि ब्लॉगचा व्लॉग. लांब शब्द छाटला: अ‍ॅप्लिकेशनचं अ‍ॅप. आद्याक्षरं घेतली: रडार, लेझर. नामाचं क्रियापद केलं: गूगल. बाहेरून आणला: इमोजी. हा जपानी आहे बरं का! 'ए' म्हणजे चित्र, 'मोजी' म्हणजे अक्षर. इमोशनशी त्याचं काही नातं नाही, उच्चार तेवढा योगायोगाने जुळला. आणि शेवटचा प्रकार, जुन्याच शब्दाला नवं काम दिलं: माउस, क्लाउड, टॅब्लेट.

या शेवटच्या प्रकारात माझा आवडता शब्द आहे ब्रॉडकास्ट. हा मुळात शेतीतला शब्द. हाताने बी सगळीकडे फेकत जायचं. आपल्याकडे शेतकरी 'बी फोकून पेरणं' म्हणतात ना, अगदी तेच. पाभरीने पेरलं तर बी ओळीत पडतं, फोकलं तर सगळ्या वावरभर. टेलिफोन एका तारेवरून एकाच माणसाकडे जायचा. रेडिओ आला आणि आवाज फोकल्यासारखा सगळीकडे पसरायला लागला. १९२० च्या दशकात इंग्रजीने या नव्या यंत्रासाठी नवा शब्द घडवत न बसता शेतातला उचलला. आज 'ब्रॉडकास्ट' म्हटल्यावर कुणालाही शेत आठवत नाही, इतका तो रुजला.

रुजला. आजचा सगळा व्हिडिओ या एका शब्दाभोवती आहे. शब्द बनणं सोपं असतं, तो रुजला की नाही हे ओळखणं अवघड. त्याची खूण एकच: लोक त्याचा अर्थ सांगायचं थांबवतात. तीन उदाहरणं देते.

पहिलं. ओएमजी. सगळ्यांना वाटतं ही मोबाइलच्या पिढीची भाषा. पण ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीत, म्हणजे ओईडीत, याचं सर्वांत जुनं उदाहरण आहे ९ सप्टेंबर १९१७ चं. ब्रिटिश आरमारातले लॉर्ड फिशर यांनी विन्स्टन चर्चिल यांना लिहिलेल्या पत्रातलं. आता या पत्रातली एक बारीक गोष्ट बघा. फिशर ओ, एम, जी ही अक्षरं लिहितात आणि लगेच कंसात त्यांची फोड देतात: ओ माय गॉड. का? कारण समोरच्याला कळणार नाही याची त्यांना खात्री होती. म्हणजे १९१७ साली हा शब्द बनला होता, भाषेत आला नव्हता. तो पसरला कित्येक दशकांनी, चॅट आणि एसएमएसमुळे. ओईडीत नोंद झाली मार्च २०११ मध्ये. तोपर्यंत कुणीच कंस देत नव्हतं.

दुसरं उदाहरण 'बग'चं. कॉम्प्युटरमधल्या दोषाला बग का म्हणतात, यावर मला नेहमी एकच गोष्ट पाठवली जाते: हार्वर्डच्या कॉम्प्युटर मशीनमध्ये पतंग, म्हणजे उडणारा किडा, इंग्रजीत बग, अडकला, म्हणून हा शब्द जन्मला. घटना खरी आहे. निष्कर्ष चुकीचा.

[स्क्रीनवर: नोंदवहीचं पान]

हे ते पान. तारीख ९ सप्टेंबर १९४७, मशीन हार्वर्ड मार्क टू. दुपारी पावणेचारची नोंद. पॅनेल एफ, रिले नंबर ७०, आत पतंग. तो पतंग पारदर्शक टेपने पानावर चिकटवलेला आहे आणि ही वही आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियनच्या संग्रहात आहे. आता खालची ओळ वाचा. तिचा अर्थ असा: बग सापडल्याची पहिली खरीखुरी घटना. 'खरीखुरी' हा शब्द तिथे का आला? कारण दोषाला बग म्हणायची सवय त्यांना आधीपासून होती. शब्द आधी, किडा नंतर. थॉमस एडिसनने यंत्रातल्या बारीकसारीक खोड्यांना 'बग' म्हटल्याचं पत्र १८७८ चं आहे. वहीत लिहिणाऱ्याने बगचा अर्थ सांगितला नाही, कारण वाचणाऱ्या प्रत्येकाला तो ठाऊक होता. ज्या पानाला लोक शब्दाचा जन्मदाखला म्हणतात, तेच पान शब्द आधीच रुजल्याचा पुरावा आहे.

तिसरं. सेल्फी. सर्वांत जुनी लेखी नोंद १३ सप्टेंबर २००२ ची, ऑस्ट्रेलियातली. एका माणसाने इंटरनेटवर आपल्या दुखावलेल्या ओठाचा फोटो टाकला आणि लिहिलं की फोकस नीट नाही, सॉरी, सेल्फी होती. बस, एवढंच. अर्थ दिला नाही. याचा अर्थ त्याच्या आसपासच्या लोकांत तो शब्द आधीच बोलला जात असणार. शब्द छाटून शेवटी 'ई' लावणं ही तर ऑस्ट्रेलियन लोकांची रोजची सवय, बार्बेक्यूचं ते बार्बी करतात.

मग हा शब्द जगभर जायला दहा वर्षं का लागली? कारण वस्तू तयार नव्हती. २०१० मध्ये आयफोन ४ ला पुढचा कॅमेरा आला, त्याच वर्षी इन्स्टाग्राम आलं. हात लांब करून अंदाजाने फोटो काढण्याऐवजी स्क्रीनमध्ये स्वतःला बघून काढता येऊ लागला. २०१३ मध्ये ऑक्सफर्डने सेल्फीला वर्षाचा शब्द निवडलं, तेव्हा एका वर्षात वापर १७,००० टक्क्यांनी वाढल्याचं त्यांनीच सांगितलं होतं. शब्द बी आहे, तंत्रज्ञान पाऊस आहे. बी वर्षानुवर्षं पडून राहू शकतं.

आता डिक्शनरीकडे येऊ. ओईडीचे संपादक नव्या शब्दासाठी काय तपासतात? वेगवेगळ्या, एकमेकांशी संबंध नसलेल्या ठिकाणची पुरेशी उदाहरणं. बऱ्यापैकी काळ चाललेला वापर. आणि लिहिणारा समोरच्याला अर्थ कळेल असं गृहीत धरतोय की नाही. बघा, परत तीच खूण! म्हणजे डिक्शनरी वापर बघते आणि लिहून ठेवते. ग्रामपंचायतीच्या वहीत नाव लागलं म्हणून बाळ जन्मत नाही, बाळ जन्मलं म्हणून नाव लागतं. आणि ओईडीच्या वहीतलं नाव कधी खोडलं जात नाही. शब्द मेला तर 'आता वापरात नाही' अशी खूण करतात, नोंद राहते.

"पण ताई, दहा वर्षांचा नियम असतो ना?" असं विचारतात. तसा संकेत होता. 'ट्वीट'चा नवा अर्थ जून २०१३ मध्ये घेतला, तेव्हा मुख्य संपादक जॉन सिम्पसन यांनी स्वतःच सांगितलं की दहा वर्षांचा नियम इथे मोडलाय. आणि कोविड-१९? जागतिक आरोग्य संघटनेने हे नाव ११ फेब्रुवारी २०२० ला जाहीर केलं आणि एप्रिलमध्ये ते ओईडीत होतं. दोन महिने! पुराव्याचा ढीगच इतका होता की काळाची अट उरली नाही.

वर्षाचा शब्द ही तर पूर्ण वेगळी गोष्ट आहे. ती त्या वर्षाच्या मूडची निवड असते. २०२४ चा ऑक्सफर्डचा 'ब्रेन रॉट' घ्या. थोरो या अमेरिकन लेखकाने तो १८५४ मध्येच वापरलाय. आणि निवड झाली म्हणून शब्द जगतो असंही नाही. अमेरिकेतल्या इंग्रजीचा अभ्यास करणाऱ्या अमेरिकन डायलेक्ट सोसायटीने १९९० चा, म्हणजे त्यांचा अगदी पहिला, शब्द निवडला 'बुशलिप्स'. राष्ट्राध्यक्ष थोरले बुश यांच्या कर न वाढवण्याच्या वचनावरून, पोकळ राजकीय बोलणं या अर्थाने. आज कुणाला माहीत आहे? त्याच संस्थेचे अ‍ॅलन मेटकाफ यांनी पुढे टिकणाऱ्या शब्दांच्या पाच कसोट्या मांडल्या. त्यातली एक म्हणजे शब्दाने लक्ष वेधून घेऊ नये. जो शब्द ऐकून आपण 'वा, काय शब्द आहे!' म्हणतो, तो बहुतेक वेळा टिकत नाही. दुसरी कसोटी, त्याला पोरंबाळं होतात का? ब्लॉगला ब्लॉगर झाला, ब्लॉगिंग झालं, व्लॉग झाला. बुशलिप्सला काहीच झालं नाही.

तंत्रज्ञानावर मी इतकं बोलले, पण समाज बदलला म्हणून आलेला शब्द रुजायला किती झगडावं लागतं, ते 'मिझ'च्या बाबतीत दिसतं. पुरुषाला मिस्टर म्हटलं की त्याचं लग्न झालंय की नाही हे कळत नाही. बाईला मात्र मिस किंवा मिसेस. आपल्याकडचं कु. आणि सौ. आठवा. नोव्हेंबर १९०१ मध्ये अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्डच्या एका वर्तमानपत्राने सुचवलं की 'एमएस' लिहा आणि 'मिझ' म्हणा, म्हणजे अडचण मिटेल. सूचना पडून राहिली. १९६१ मध्ये शीला मायकल्स यांनी मैत्रिणीच्या टपालावर हे 'एमएस' पाहिलं. आधी छपाईची चूक वाटली. मग त्यांनी तो शब्द उचलून धरला, बरीच वर्षं कुणी ऐकेना. १९६० च्या दशकाच्या शेवटी न्यूयॉर्कच्या रेडिओवर त्या यावर बोलल्या, ते स्त्रीवादी पत्रकार ग्लोरिया स्टायनम यांच्यापर्यंत पोचलं आणि १९७२ मध्ये याच नावाचं मासिक नियमित निघू लागलं. तरी न्यूयॉर्क टाइम्सने 'मिझ' छापायला जून १९८६ उजाडावं लागलं. सूचनेपासून ८५ वर्षं! शब्दात काही कमी नव्हतं. पगारदार, स्वतःच्या नावाने सही करणाऱ्या बायका पुरेशा संख्येने ऑफिसांत बसल्या, तेव्हा पत्र लिहिणाऱ्याला त्याची गरज पडली.

आता कामाची गोष्ट. एखाद्या शब्दाचं वय स्वतः कसं तपासायचं?

मेरियम-वेबस्टर या अमेरिकन डिक्शनरीच्या साइटवर शब्द टाका, फुकट आहे. खाली 'पहिला ज्ञात वापर' असा भाग असतो. तिथे फसायला होतं ते असं: ती तारीख साधारणपणे नोंदीतल्या पहिल्या अर्थाची असते. 'माउस' टाकाल तर बाराव्या शतकाच्या आधीची तारीख येईल, कारण तो उंदीर आहे.

मग गूगल बुक्सचा एनग्राम व्ह्यूअर उघडा, तो पुस्तकांत शब्द कोणत्या वर्षी किती वापरला याचा आलेख दाखवतो. स्मूदिंग तीनवर असतं, ते शून्यावर आणा, नाहीतर आलेख मागच्यापुढच्या वर्षांत पसरतो आणि शब्द जन्माआधीच दिसायला लागतो. लहान-मोठी अक्षरं एकत्र मोजायची खूण करा. सन १८०० च्या आधीच्या निकालावर डोळे मिटून विश्वास नको. जुन्या छपाईतला लांब 'एस' यंत्राला 'एफ' वाटतो, त्यामुळे 'बेस्ट'चं 'बेफ्ट' होतं. नियतकालिकांत तर कधी कधी पहिल्या अंकाचं साल सगळ्या अंकांना लागलेलं असतं. आणि सर्वांत महत्त्वाचं, आलेख बघून थांबू नका. खाली वर्षांच्या लिंक असतात, त्या उघडून मूळ वाक्य वाचा. शब्द अवतरणचिन्हात आहे का? पुढे 'म्हणजेच' करून अर्थ दिलाय का? दिला असेल तर तो अजून पाहुणा आहे. हे आलेखात दिसत नाही, वाक्यातच दिसतं.

याच पद्धतीने 'प्रीपोन' बघा. यावर दर आठवड्याला कुणीतरी लिहितं की हा भारतीयांनी केलेला चुकीचा शब्द. ओईडीत तो आहे आणि त्याचं जुनं उदाहरण १९१३ चं, न्यूयॉर्क टाइम्सला आलेल्या पत्रातलं आहे. लिहिणारा म्हणतो, पोस्टपोनला प्रतिस्पर्धी हवा, म्हणून मी हा शब्द घडवतो. म्हणजे समजावून सांगतोय! तिकडे तो रुजला नाही. पुढे भारतात मात्र लोक सरळ 'मीटिंग प्रीपोन झाली' म्हणू लागले आणि कुणी कुणाला अर्थ विचारत नाही. भारतीय इंग्रजीत हा पूर्ण रुजलेला शब्द आहे. लंडनच्या क्लायंटला ईमेल लिहिताना तेवढं 'मीटिंग ठरल्या वेळेच्या आधी घेतली' अशा अर्थाचं वाक्य लिहा, कारण तिथे अर्थ सांगावा लागेल.

एक विनंती. ओईडीचं काम सुरू झालं तेव्हापासून सामान्य वाचक चिठ्ठ्या पाठवत आलेत. चिठ्ठीवर शब्द, तारीख, लेखक, पुस्तक, पान आणि पूर्ण वाक्य. तुम्हीही कमेंटमध्ये "ताई, हा शब्द नवीन आहे का?" एवढंच लिहू नका. शब्द लिहा, कुठे वाचला ते लिहा, तारीख लिहा आणि पूर्ण वाक्य जसंच्या तसं उतरवा. वाक्यात कंस असेल तर कंसही उतरवा, तो गाळू नका. पुढचा व्हिडिओ त्या कंसांवरच करू.