अंड्यांची पेटी, पाण्याची टाकी

कोकणातल्या मंडळींना वलगण म्हणजे काय ते सांगायला नको. पहिला दणदणीत पाऊस झाला की मासे ओढ्यातून उलटे वर चढतात आणि भातखाचरात शिरतात. पॅसिफिक महासागरातला सामन मासाही असाच चढतो. फक्त तो समुद्रात काही वर्षं काढून, बहुधा जन्मल्या ओढ्यातच परततो, अंडी घालतो आणि तिथंच मरतो.

उत्तर कॅलिफोर्नियात केप मेंडोसिनोच्या दक्षिणेला मटोल नावाची नदी आहे. लांबी सुमारे 100 किलोमीटर. तिच्यावर मोठं धरण नाही. मग मासे का आटले?

गाळामुळे. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथल्या डोंगरांवर बुलडोझर चढले. डग्लस फरची उंच सूचिपर्णी झाडं तोडली, लाकूड ओढायला उतारांवर रस्ते खणले. 1955 आणि 1964 च्या महापुरांत ते उतारच नदीत आले. आता बघा, सामनची मादी शेपटीनं खडी उकरून खळगा करते, त्यात अंडी घालते आणि वर पुन्हा खडी लोटते. अंड्यांना त्या खडीच्या फटींतून खेळणारं गार पाणी लागतं. फटी बुजल्या की अंडी गुदमरतात.

1980 मध्ये काही रहिवाशांनी 'मटोल वॉटरशेड सामन सपोर्ट ग्रुप' काढला. खोऱ्यात गुरं पाळणारे जुने रँचवाले होते, लाकूडवाले होते आणि सत्तरच्या दशकात शहरं सोडून आलेले लांब केसांचे तरुण. एकमेकांवर विश्वास बेताचाच! सरकारी मत्स्यखात्याची परवानगी काढून हे लोक भर पावसाळ्यात, म्हणजे तिथल्या हिवाळ्यात, गार पाण्यात उतरले. मादी धरायची, तिची अंडी बादलीत काढायची, त्यावर नराचं वीर्य सोडून हलक्या हातानं ढवळायचं, मग खडीच्या पेटीत ठेवायची. पेटीतून ओढ्याचं गाळलेलं पाणी रात्रंदिवस वाहतं हवं. पुरात गाळणी तुंबली तर मध्यरात्रीसुद्धा उठायचं, कारण पाणी थांबलं की सगळी अंडी गेली. माझ्या मते खोऱ्यातली माणसं एकमेकांशी बोलायला लागली ती असल्या कामांमुळे. बैठकांनी ते साधलं नसतं.

पण पिल्लं सोडणार त्याच गाळात! म्हणून 1983 मध्ये 'मटोल रिस्टोरेशन कौन्सिल' उभी राहिली. 1988 च्या तिच्या नकाशात जुनं जंगल दहा टक्केही उरलेलं दिसलं नाही. मासे वाचवायला निघालेले लोक आता रस्ते मोडत, रोपं लावत डोंगर दुरुस्त करायला लागले.

पुढचा दोष मात्र लाकूडवाल्यांवर ढकलता येईना. उगमाकडे उन्हाळ्यात नदी तुटायची, सुटे डोह उरायचे, आणि नदीतून पाणी उपसणारे पंप होते घरोघरी. तिथं 'सँक्च्युअरी फॉरेस्ट' या संस्थेनं टाक्या बसवून दिल्या. एकेक सुमारे 1 लाख 90 हजार लिटरची, म्हणजे आपल्याकडचे एकोणीस टँकर. पावसाळ्यात भरून ठेवायची आणि प्रवाह ठरलेल्या पातळीखाली गेला की पंप बंद. तसा लेखी करार.

या टाक्यांचा खरा गिऱ्हाईक कोहो, सामनचीच एक जात. दुसरी जात चिनूक, तिची पिल्लं काही महिन्यांत समुद्राची वाट धरतात. कोहोचं पिल्लू मात्र वर्षभर गोड्या पाण्यात राहतं, म्हणजे एक अख्खा उन्हाळा त्याला त्या डोहांतच काढावा लागतो. चिनूक अजून येतो. कोहो इतका थोडा उरलाय, की टाक्या वेळेवर झाल्या की उशिरा, हे मी आज तुम्हाला सांगू शकत नाही.