एका वहीत गुंठे, दुसरीत पाणी

(पडद्यावर: ओट्यावर ज्वारीचं पीठ, तूरडाळ, तेलाचा कॅन, साखरेचा डबा. शेजारी वजनकाटा आणि दोन वह्या.)

सातबाऱ्यावर नाव असो वा नसो, प्रत्येक घर जमीन अडवून बसलेलं असतं. भाकरीची ज्वारी कुणाच्या तरी रानात उभी राहते, तेलाची करडई दुसऱ्या शिवारात, आणि विजेचा, गॅसचा, पेट्रोलचा कार्बन शोषायला कुठलं तरी जंगल लागतं. ही सगळी जमीन एकत्र मोजायची रीत 1990 च्या दशकात कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात विल्यम रीस आणि मॅथिस वॅकरनागेल यांनी बसवली. पर्यावरणीय पाऊलठसा तो हाच. त्याचं एकक जागतिक हेक्टर, म्हणजे जगाची सरासरी सुपीकता असलेला एक हेक्टर. आपल्या घरच्या हिशेबाला मात्र गुंठा बरा. हेक्टरचे साधारण शंभर गुंठे, एकराचे चाळीस. फक्त हे आपल्या कोरडवाहू रानाचे गुंठे आहेत, त्यामुळे इंटरनेटवरच्या कॅल्क्युलेटरच्या आकड्याशी ते जुळणार नाहीत. जुळवायचा प्रयत्नही करू नका.

पहिला महिना काहीही कमी करायचं नाही, नुसतं लिहायचं. लाइट बिलावरचे युनिट, सिलिंडर लावल्याची तारीख, गाडीत टाकलेलं पेट्रोल आणि किराणा. किराण्याची नोंद रुपयांत नको, किलोत हवी. बहुतेकांची मोजणी इथेच फसते: भाव चढले की आकडा फुगतो, ताटात पडतं तेवढंच.

पाच माणसांचं घर धरू. दिवसाला सव्वा किलो ज्वारी, वर्षाला साडेचार क्विंटल. कोरडवाहू रब्बी ज्वारी हेक्टरी दहा क्विंटल धरली तर पंचेचाळीस गुंठे झाले. तूरडाळ दिवसाला पाव किलो, वर्षाला नव्वद किलो. तुरीची डाळ पाऊणपटीहून थोडी कमीच पडते, म्हणून सव्वा क्विंटल तूर लागते. तीही हेक्टरी दहा क्विंटल धरली तर बारा गुंठे. तेल महिन्याला चार लिटर. करडई हेक्टरी आठ क्विंटल आणि तेलाचा उतारा तीस टक्के धरला तर अठरा गुंठे. एकूण पंचाहत्तर. भाजीपाला वेगळा. दुधाचा हिशेब किचकट आहे, कारण म्हशीपुढचा कडबा ज्वारीच्याच रानातला. तो दुसऱ्यांदा मोजायचा नाही, फक्त विकतचा चारा आणि पेंड धरायची.

आता धूर. देशातल्या विजेच्या एका युनिटमागे साधारण 0.7 किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. लिटरभर पेट्रोलमागे 2.3 किलो, आणि 14.2 किलोच्या एका सिलिंडरमागे सुमारे 42 किलो. महिन्याला 150 युनिट, वर्षाला आठ सिलिंडर आणि महिन्याला वीस लिटर पेट्रोल असेल तर वर्षाचे होतात 2150 किलो. हेक्टरभर जंगल सरासरीनं वर्षाला अडीच ते पावणेतीन टन शोषतं. म्हणजे ऐंशी गुंठे, पुरते दोन एकर, आपला धूर गिळायला राखलेले. धान्याच्या पंचाहत्तर गुंठ्यांना भिडणारा हा आकडा आहे, आणि कमी करायला तोच सोपा आहे. पोटाला चिमटा काढावा लागत नाही.

(पडद्यावर: साखरेचा डबा.)

साखर मात्र राहिली. महिन्याला पाच किलो, वर्षाला साठ. हेक्टरी ऐंशी टन ऊस आणि दहा टक्के उतारा धरला तर हेक्टरात आठ हजार किलो साखर होते. साठ किलोला पाऊण गुंठा. गुंठ्यांच्या वहीत साखरेसारखी साळसूद वस्तू नाही.

आणि म्हणूनच दुसरी वही लागते. रीस-वॅकरनागेल यांचा पाऊलठसा जमीन मोजतो, पाणी मोजत नाही. उसाला वर्षभरात दोन हजार मिलिमीटरच्या आसपास पाणी लागतं. हेक्टरवर तेवढं पाणी म्हणजे दोन कोटी लिटर. आठ हजार किलोंनी भागा: किलोमागे अडीच हजार लिटर. मराठवाड्यात पाऊस पडतो सातशे-आठशे मिलिमीटर, तोही चांगल्या वर्षी. उरलेलं पाणी धरणातून, विहिरीतून, बोअरमधून येतं. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणलं, तेव्हा पहिल्या गाडीत सुमारे पाच लाख लिटर होतं. साखरेच्या हिशेबात ते दोन क्विंटल. चार पोती.

इथे एक सावधगिरी. हाच भागाकार ज्वारीला लावला तर ज्वारीही तहानलेली दिसते, कारण तिचं हेक्टरी उत्पन्न कमी. पण रब्बी ज्वारी काळ्या रानात मुरलेल्या ओलीवर येते. ती ओल ज्वारीनं घेतली नसती तर तणानं घेतली असती किंवा उन्हानं उडवली असती. बोअरला तिचा उपयोग नव्हता. म्हणून पाण्याच्या वहीत दोन रकाने करा: पावसाचं आणि उपसलेलं. ज्वारी पहिल्यात, ऊस बहुतांश दुसऱ्यात. हा फरक न करता छापलेले ‘एका किलोला इतके लिटर’ असले तक्ते मराठवाड्यात दिशाभूल करतात.

(पडद्यावर: गच्चीवरची काळी टाकी, आत सोडलेली मोजपट्टी.)

घरातलं पाणी मोजायला मीटर लागत नाही, टाकी पुरते. गोल टाकीचा आतला व्यास मीटरमध्ये घ्या, त्याचा वर्ग करा, 0.785 नं गुणा. व्यास 1.1 मीटर असेल तर उत्तर येतं 0.95, म्हणजे पाणी एक सेंटिमीटर उतरलं की साडेनऊ लिटर गेलं. एका पीव्हीसी पट्टीवर खुणा करून ती टाकीतच ठेवा. रात्री अकराला आणि पहाटे पाचला वाचा. मधे कुणी पाणी वापरलं नाही आणि तरी पातळी तीन सेंटिमीटर उतरली, तर एका रात्रीत अठ्ठावीस लिटर गळती आहे. संशय आधी फ्लशच्या टाकीवर घ्यावा. तिच्यात कपड्यांच्या निळीचे चार थेंब टाका, पंधरा मिनिटं हात लावू नका. भांड्यात निळं पाणी उतरलं की वॉशर गेलेला आहे.

सरकारी मापं दोन आहेत: गावांसाठीच्या जलजीवन मिशनमध्ये माणशी रोज 55 लिटर, शहरांसाठी 135. आपला आकडा कुठे बसतो ते बघा.

आपल्याकडच्या मोजणीत हमखास निसटणारी एक गोष्ट म्हणजे शिळं पाणी. नळ चार-आठ दिवसांनी येतो. आला की साठवलेलं सगळं मोरीत ओतून ताजं भरायचं, ही रीत घरोघरी आहे. ती अगदीच वेडगळ नाही. डेंग्यूच्या डासाची अंड्यापासून वाढ साधारण आठवड्यात पूर्ण होते, त्यामुळे भांडी आठवड्याला रिकामी करून घासायलाच हवीत. चूक फक्त वेळेची आहे. नळाच्या आदल्या दिवशी ते पाणी धुण्याला, फरशीला, फ्लशला काढायचं. मोरीत काही ओतायला उरतच नाही. ड्रमला झाकण मात्र घट्ट हवं.

बोअर असेल तर पाण्याची वही आणि लाइट बिल एकत्र बघावं लागतं. एक अश्वशक्तीची मोटर तासाला साधारण एक युनिट घेते. टाकी भरायला किती मिनिटं लागली ते दर आठवड्याला लिहा. ऑक्टोबरमध्ये चाळीस आणि फेब्रुवारीत साठ मिनिटं लागली, तर पाणी खोल चाललंय. मोटर कोरडी फिरून जळायच्या आधी हे कळलेलं बरं.

(पडद्यावर: खिडकीतला कूलर, खाली पाण्याची बादली.)

उन्हाळ्यात दोन वह्यांचं भांडण लागतं. कूलर रात्रीच्या आठ तासांत दीड-पावणेदोन युनिट घेतो आणि चाळीस-पन्नास लिटर पाणी पितो. दीड टनाचा एसी तेवढ्याच वेळात आठेक युनिट खातो, पाणी मात्र शून्य. शून्य, म्हणजे आपल्या घरात. कोळशाच्या वीज केंद्राला युनिटमागे तीन-साडेतीन लिटर पाणी लागतं. वीज कोळशाची धरली तर एसीनंही पंचवीस-अठ्ठावीस लिटर प्यायलं, फक्त दुसऱ्याच्या गावचं. 2015 मध्ये पाणी नसल्यामुळे परळीच्या कोळशाच्या वीज केंद्राचे संच बंद ठेवावे लागले, हा मराठवाड्याचाच अनुभव. पाण्यात कूलर महाग, धुरात एसी पाचपट महाग. आमचं मत कूलरच्या बाजूनं आहे, पण तीन अटींवर. समोरची खिडकी उघडी हवी. बंद खोलीत तो दमटपणा वाढवतो आणि माणसं वेग वाढवत बसतात. पावसाळा लागला की तो बंद करायचा, कारण दमट हवेत पाणी उडत नाही. आणि आरओचं टाकाऊ पाणी त्यात ओतायचं नाही: आधीच क्षाराचं, ते जाळ्यांवर पांढरा थर चढवतं, हवा अडते आणि पंप जाम होतो. ते पाणी फ्लशला वापरा.

विजेत सर्वांत मोठा फायदा साध्या गोष्टीत आहे. जुना छताचा पंखा 75 वॅट घेतो, बीएलडीसी, म्हणजे कमी विजेच्या मोटरचा नवा पंखा, तीसच्या आसपास. तीन पंखे रोज बारा तास चालले तर महिन्याला अठ्ठेचाळीस युनिट वाचतात. आपल्याकडे पंखे दहा महिने फिरतात; वर्षाला सुमारे 340 किलो धूर वाचला, म्हणजे आठ सिलिंडरांइतका. बारा गुंठे मोकळे झाले. बिघाड होतो तो बहुधा एकाच कारणानं: नवा पंखा जुन्या रेग्युलेटरवर चालवला जातो. मग तो गुणगुणतो आणि आतलं सर्किट जळतं. वायरमनला सांगून रेग्युलेटर काढून थेट जोडणी करा.

न दिसणारा वापर शोधायला मीटरवरचा लाल दिवा मोजा. मीटरवर ‘3200 इम्पल्स’ असं काही लिहिलेलं असतं, म्हणजे दिवा 3200 वेळा लुकलुकला की एक युनिट. घरातलं सगळं बंद करून मिनिटात किती वेळा लुकलुकतो ते बघा. आठ वेळा लुकलुकला तर आठ गुणिले साठ भागिले 3200, म्हणजे 0.15 किलोवॅट. दीडशे वॅट, काहीच चालू नसताना. बहुधा इन्व्हर्टरची म्हातारी बॅटरी निघते, किंवा सेट टॉप बॉक्स. फ्रिज मधे मधे चालू-बंद होतो, म्हणून त्याचा प्लग काढून मोजा.

सौर पॅनेल हे सगळं झाल्यावर. एक किलोवॅट दिवसाला सरासरी चार युनिट देतं. वापर आधी घटवला तर लहान संच पुरतो.

ओला कचरा घरीच जिरवावा, कारण डेपोतल्या ढिगात हवा नसते आणि मिथेन निघतो. भोकं पाडलेल्या बादलीत एक भाग ओला कचरा, तितकाच कडुनिंबाचा वाळका पाला किंवा लाकडाचा भुसा. वास आला तर पाणी जास्त, मुंग्या लागल्या तर कमी. पुस्तकात न सांगितलेली अडचण एप्रिल-मेची: त्रेचाळीस अंशात ढीग चार दिवसांत वाळून खडखडीत होतो आणि कुजणं थांबतं. बादली सावलीत ठेवा, वरून ओलं गोणपाट टाका, तांदूळ-डाळ धुतलेलं पाणी शिंपडा.

दुसरी मोजणी वर्षानं, त्याच महिन्याची. मे महिना डिसेंबरशी ताडून काही कळत नाही. आणि वहीत माणसांचा रकाना ठेवा. पाच माणसं तीस दिवस म्हणजे 150 माणूस-दिवस. सुट्टीत चार पाहुणे दहा दिवस राहिले तर 190. महिन्याला 15,200 लिटर लागलं असेल तर पाहुणे न धरता माणशी 101 लिटर दिसतं. धरले की 80.